कोंडवाडा, मोकाट गुरं आणि जप्ती : बेळगाव सीमाभागातून नेहमी विचारले जाणारे प्रश्न

भाताची सुगी आटोपली की आमच्याकडे दोन गोष्टी एकदम सुरू होतात. काळ्या रानात मसूर, वाटाणा, हरभरा वर यायला लागतो आणि ज्यांचं शिवार मोकळं झालंय ते गुरांची दावी सोडतात. मग बांधावर आवाज चढतात. येळ्ळूर-शहापूरचं शिवार असो, खानापूरकडची वाडी असो की निपाणीच्या बाजूचा ऊस, भांडण तेच: "तुझी म्हस माझ्या रानात," "माझी न्हवंच ती." खालचे प्रश्न असल्याच भांडणांतून आणि फोनवरून पुन्हापुन्हा आलेले आहेत.

कोंडवाड्याचा कायदा अजून आहे का? की तो आजोबांच्या काळातच संपला?

आहे. कोंडवाड्याची भिंत पडली असेल, कायदा पडलेला नाही. मूळ कायदा १८७१ चा, इंग्रजांनी केलेला. कोंडवाडा हा विषय राज्यघटनेने राज्यांच्या यादीत टाकलाय, त्यामुळे कर्नाटकाने १९६६ मध्ये आपला वेगळा कायदा केला. त्याच्या मुळाशी जुन्याच कायद्याची चौकट आहे: जनावर धरणं, कोंडणं, दंड भरून सोडवणं, नाहीतर लिलाव. खाली मी जी रीत सांगतोय ती १८७१ च्या कायद्याने घालून दिलेली आहे.

चालवणारं कोण, हे तुम्ही कुठे राहता त्यावर. खेड्यात ग्रामपंचायत (१९९३ चा पंचायत राज कायदा), निपाणीसारख्या गावात नगरपालिका (१९६४ चा कायदा), बेळगाव शहरात महानगरपालिका (१९७६ चा कायदा). कॅम्पात राहणाऱ्यांसाठी कॅन्टोन्मेंट बोर्ड, त्यांचा कायदा २००६ चा आणि केंद्राचा. म्हणजे तुमचं जनावर कॅम्पातून चालत चालत शहरात आलं तर रस्ता ओलांडताना त्याचं खातंही बदलतं.

कुठली जनावरं कोंडता येतात?

गाय, बैल, म्हैस, रेडा, घोडा, शिंगरू, खेचर, गाढव, शेळी, मेंढी, करडू, डुक्कर. जुन्या कायद्याच्या व्याख्येत हत्ती आणि उंटही आहेत, पण तो प्रसंग आपल्यावर न येवो. कोंबडी नाही आणि कुत्रंही नाही. कुत्र्यांचे नियम सगळे निराळे, त्यावर खाली सांगतो.

माझ्या पिकात गुरं शिरली. मी काय करू शकतो?

पकडू शकता, आणि तो हक्क फक्त सातबाऱ्यावर, म्हणजे आपल्याकडच्या उताऱ्यावर नाव असलेल्या माणसाचा नाही. जमीन कसणारा, वाट्याने किंवा खंडाने करणारा, पिकावर आगाऊ पैसे दिलेला, इतकंच काय पीक उभ्याने विकत घेतलेला माणूसही जनावर धरू शकतो. अट एकच, जनावर तुमच्या रानात घुसून नुकसान करत असलं पाहिजे. पाणंदीतून मुकाट चाललेली गाय धरून आणाल तर चूक तुमची.

धरल्यावर २४ तासांच्या आत ते कोंडवाड्यात पोचवायचं. लोक नेमकी इथंच चुकतात. राग असतो, म्हणून जनावर आपल्याच गोठ्यात दोन-तीन दिवस बांधून ठेवतात आणि मालकाला निरोप धाडतात, "ये आणि पाच हजार ठेवून घेऊन जा." असं केलंत की नुकसान तुमचं झालेलं असूनही कायद्यात तुम्हीच अडकता. दंड वसूल करायचा अधिकार तुमचा नाही, कोंडवाड्याचा आहे.

कोंडवाड्यात नेण्याआधी एवढं करा. मोबाईलवर फोटो काढा: गुरं रानात असतानाचे, पिकाचे आणि कानातल्या बिल्ल्याचे. बहुतेक गाई-म्हशींच्या कानात सरकारी लसीकरणाचा पिवळा प्लास्टिकचा बिल्ला असतो, त्यावर १२ आकडी नंबर. तो फोटोत आला तर "माझी न्हवंच" हे वाक्य फार टिकत नाही. शेजारच्या रानातला एखादा माणूस साक्षीला बोलवा. आणि जनावराला काठीने झोडपू नका. जनावराला काही कळत नसतं, आणि मारलंत तर उलट गुन्हा तुमच्यावर.

दंड भरला की माझ्या पिकाचे पैसे मिळतात का?

नाही. हा सगळ्यात मोठा गैरसमज. कोंडवाड्यात भरलेला दंड सरकारजमा किंवा पंचायतीत जमा होतो, पिकाच्या मालकाला त्यातलं काही मिळत नाही. नुकसानीचा दावा दिवाणी कोर्टात वेगळा लावायची मुभा कायद्यात स्पष्ट आहे. पण दहा गुंठ्यांतल्या मसुरीसाठी कोर्टाची पायरी चढणारा माणूस मी तरी पाहिलेला नाही. गावात पंच बसतात, तलाठी किंवा जाणता शेतकरी पिकाचा अंदाज सांगतो आणि दोघं मध्यावर येतात. तेच बरं. फक्त ठरलेलं कागदावर घ्या आणि दोघांच्या सह्या घ्या.

गुरं कोंडवाड्याकडे नेत असताना मालक चार पोरं घेऊन आला आणि ओढून घेऊन गेला. आता?

हा गुन्हा आहे. धरलेलं जनावर जबरदस्तीने सोडवणं, धरायला अडवणं किंवा कोंडवाडा फोडून नेणं, याला १८७१ च्या कायद्यात सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा पाचशे रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. मागितल्यास पोलिसांनी मदतीला आलं पाहिजे, हेही त्याच कायद्यात लिहिलंय. तेव्हा तुम्ही चार पोरं गोळा करू नका, ठाण्याला फोन करा.

माझी म्हैस कोंडवाड्यात आहे असं कळलं. आधी काय करू?

आधी जा. उद्यावर टाकू नका. दर दिवसाला चाऱ्या-पाण्याचा खर्च चढत असतो, आणि दुभती म्हैस असेल तर तिची धार कोण काढणार? कासेला सूज आली तर पुढचा महिना गेलाच म्हणून समजा.

गेल्यावर तीन गोष्टी बघा. एक, फलक. कोंडवाड्यावर किंवा जवळ दिसेल अशा ठिकाणी दंडाचे आणि चाऱ्या-पाण्याचे दर लावलेले असले पाहिजेत, हा कायदा आहे, उपकार नव्हे. फलक नसेल तर दराचा कागद मागा. दोन, नोंदवही. जनावर आत घेताना कोंडवाडा राखणाऱ्याने किती जनावरं, कशी दिसतात, कुठल्या दिवशी, किती वाजता आली, आणून देणाऱ्याचं नाव-गाव, आणि माहीत असेल तर मालकाचं नाव, हे सगळं वहीत लिहायचं असतं. आणून देणाऱ्याला त्या नोंदीची नक्कल द्यायची असते. तारीख आणि वेळ बघा, कारण चाऱ्याचा हिशेब तिथून सुरू होतो. तीन, पैसे भरल्याची पावती. सोडवून नेताना वहीत तुमची सही घेतात; सही करायच्या आधी वाचा.

पावतीवर मी इतका जोर का देतो ते सांगतो. माझ्या लहानपणी आमची एक रेडी हरवली. दोन दिवसांनी शेजारगावच्या कोंडवाड्यात सापडली. वडिलांनी मागतील तेवढे पैसे दिले, तिथल्या माणसाने ते खिशात घातले आणि रेडी सोडली. आठवड्याने तोच माणूस घरी, "दंड बाकी आहे." वहीत भरणा नव्हताच. वडिलांकडे कागद नव्हता, मग दुसऱ्यांदा भरले. आई पुढं कितीतरी वर्षं कुठेही पैसे देताना म्हणायची, "पावती घे रे, रेडीसारखं होईल."

पैसे भरायला आत्ता नाहीत, किंवा मला वाटतं की धरलंच चुकीचं. जनावर तिथंच सडू द्यायचं का?

नाही. धरणं बेकायदा होतं असं वाटत असेल तरी रक्कम अनामत म्हणून भरून जनावर सोडवून आणता येतं आणि वाद मागाहून लढता येतो. तक्रार मॅजिस्ट्रेटकडे, धरल्यापासून १० दिवसांच्या आत. ही मुदत कडक आहे. पंचायतीच्या कट्ट्यावर बसून आठ दिवस "बघूया की" म्हणण्यात घालवाल तर हातात काही राहणार नाही. धरणं चुकीचं ठरलं तर मॅजिस्ट्रेट भरपाई देववू शकतो. १८७१ मध्ये तिची मर्यादा शंभर रुपये होती. तेव्हा शंभर रुपयांत चांगली बैलजोडी यायची, आज बैलाच्या पाठीवरची झूलही येत नाही.

दंड आणि खर्च भरण्याएवढे पैसे नसतील, आणि तुमची एकापेक्षा जास्त जनावरं आत असतील, तर सगळी विकायची नसतात. जेवढ्याने भागेल तेवढीच विकायची, बाकीची परत द्यायची.

किती दिवस थांबतात? लिलाव कधी होतो?

सात आणि सात, असं लक्षात ठेवा. आत घेतल्यापासून सात दिवसांत कुणी आलं नाही तर कोंडवाड्याचा माणूस जवळच्या पोलिस ठाण्याला कळवतो. ठाण्यात नोटीस लागते: किती जनावरं, कशी, कुठे धरली, कुठे कोंडली. गावात आणि जवळच्या बाजारात दवंडी द्यायची असते. नोटिशीपासून आणखी सात दिवस गेले तरी मालक आला नाही, तर जाहीर लिलाव. दवंडी पिटणारा आता कुठे राहिलाय म्हणा, व्हॉट्सअॅपच्या ग्रुपवर फोटो फिरतो, आणि खरं सांगायचं तर तो ढोलापेक्षा लांब पोचतो.

लिलावातून आलेल्या पैशांतून दंड आणि खर्च कापून उरलेले मालकाचे. ते तीन महिने ठेवीत राहतात, मालक तोवर मागू शकतो. हे फार थोड्यांना माहीत असतं आणि पैसे तसेच जातात.

कोंडवाडा राखणाऱ्याला आणि त्या खात्यातल्या अधिकाऱ्यांना लिलावात बोली लावायला बंदी आहे, स्वतः किंवा दुसऱ्याच्या नावाने. म्हणून बोली कुणाच्या मेव्हण्याच्या नावावर चाललीय का, तेही बघा.

कोंडवाड्यात चारा-पाणीच देत नाहीत. कुणाला सांगू?

चारा-पाणी देणं हे राखणाऱ्याचं कायद्याने बांधलेलं काम आहे, न दिल्यास त्याला दंड आहे. रक्कम जुनी, पन्नास रुपये, तिला कोणी घाबरणार नाही. पण उपाशी ठेवणं हा प्राण्यांवरच्या क्रूरतेच्या १९६० च्या कायद्याखालीही गुन्हा आहे. लेखी तक्रार पंचायतीच्या पीडीओकडे (पंचायत विकास अधिकारी) किंवा पालिकेच्या आयुक्तांकडे द्या, एक प्रत पोलिसांना. जनावर आजारी दिसत असेल तर १९६२ नंबरला फोन लावा, तो पशुवैद्यकीय मदतीचा आहे.

माझं मत विचाराल तर बहुतेक पंचायतींचा कोंडवाडा म्हणजे तीन भिंती आणि एक उकिरडा. तिथं चार म्हशी आठवडाभर ठेवणं ही शिक्षा म्हशींनाच होते. ज्या गावांनी गोठ्यासारखं छप्पर, हौद आणि रात्रीचा राखणदार केलाय तिथली भांडणंही कमी झालेली दिसतात, कारण मालकाला आपलं जनावर नीट आहे एवढं कळलं तरी त्याचा अर्धा राग उतरतो.

शहरात रस्त्यात बसलेल्या गाई पालिका उचलते, पण दुसऱ्या दिवशी त्या परत तिथंच. असं का?

कारण त्या मोकाट नसतातच. शहरातल्या रस्त्यावरच्या बहुतेक गाई-म्हशींना सकाळ-संध्याकाळ धार काढायला कोणीतरी घरी नेतं. मधल्या वेळचा चारा म्हणजे भाजी मंडईचा कचरा. मालक दंड भरतो, सोडवतो, परत सोडतो. दंड त्याला चाऱ्याच्या खर्चापेक्षा स्वस्त पडतो. दिवाळी पाडव्याला म्हशींची शिंगं रंगवून, मोरपिसं लावून मिरवणारे गवळी हे नव्हेत. ते म्हशीला जीव लावतात.

रस्त्यावर बसलेल्या जनावराला धडकून अपघात झाला तर जबाबदार कोण?

मालक सापडला तर मालक. जनावराबाबत निष्काळजीपणा केला आणि त्यामुळे माणसाला धोका झाला, तर भारतीय न्याय संहितेच्या कलम २९१ खाली सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा पाच हजारांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. रस्ता अडवण्याचं कलम २८५ वेगळं. मालक सापडायला परत तो कानातला बिल्ला. अपघात झाल्यावर लोक गाडीचे फोटो काढतात, जनावराच्या कानाचा काढत नाहीत.

हायवेबद्दल नवीन गोष्ट: ७ नोव्हेंबर २०२५ रोजी सर्वोच्च न्यायालयाने राष्ट्रीय महामार्गांवरची मोकाट गुरं हटवून निवाऱ्याच्या जागी न्यायला आणि गस्तीची पथकं ठेवायला सांगितलंय. निपाणी, संकेश्वर, बेळगाव, कित्तूर असा जाणारा आपला हायवे त्यातच आला. रात्री काळी म्हैस डांबरावर बसली की पन्नास फुटांवरूनही दिसत नाही, हे त्या रस्त्याने गाडी चालवलेल्या कुणालाही सांगावं लागत नाही.

देवीला सोडलेला रेडा कुणाचा? तो पिकात शिरला तर?

आमच्या बऱ्याच गावांत लक्ष्मीच्या यात्रेसाठी रेडा सोडतात. तो गावभर हिंडतो, कुणाच्याही रानात चरतो आणि कुणी हात लावत नाही. कायद्याने पाहिलं तर देवाला सोडलेल्या जनावरावरचा मूळ मालकाचा हक्क सुटलेला असतो. पण पिकाचं नुकसान करणारं जनावर धरता येतं, मग मालक माणूस असो की देवी. प्रत्यक्षात असा रेडा कोंडवाड्यात नेणारा माणूस गावात राहू शकेल असं मला वाटत नाही. वाट एकच: यात्रा कमिटीने त्याच्या चाऱ्याची जबाबदारी घ्यावी. काही गावांत घरटी पेंढी गोळा करतात, तसं.

शेजारी बैलाला उपाशी ठेवतो, पाय मोडलाय तरी औषध करत नाही. कोणी जप्त करू शकतं का?

हो. १९६० च्या कायद्याच्या कलम ११ मध्ये मालकाने पुरेसा चारा-पाणी आणि निवारा न देणं, विनाकारण सोडून देणं, आणि आजारी किंवा लंगडं जनावर रस्त्यावर मरायला सोडणं, हे गुन्हे आहेत. कलम ३४ प्रमाणे कॉन्स्टेबलच्या वरच्या दर्जाचा पोलिस जनावर ताब्यात घेऊन जवळच्या मॅजिस्ट्रेटसमोर किंवा सरकारी पशुवैद्यापुढं तपासणीला नेऊ शकतो आणि ज्याच्या ताब्यात ते होतं त्यालाही बरोबर यायला सांगू शकतो. म्हणजे शेजाऱ्याच्या गोठ्यातून बैल तुम्ही सोडवून आणायचा नाही. तुम्ही फोटो, तारीख आणि तक्रार द्यायची. खटल्याला मुदत आहे, गुन्हा घडल्यापासून तीन महिने.

दंड ऐकून हसू नका: पहिल्या वेळी दहा ते पन्नास रुपये. तीन वर्षांत परत केलं तर पंचवीस ते शंभर, किंवा तीन महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्ही. आकडे १९६० चे आहेत आणि तसेच राहिलेत. पण खरा चटका दुसरीकडे आहे. मॅजिस्ट्रेट जनावर उपचाराला किंवा पांजरपोळात पाठवू शकतो, त्याचा खर्च मालकाच्या अंगावर येतो. बरं झाल्याचं पशुवैद्याने लिहून दिल्याशिवाय ते परत मिळत नाही. मालकाने खर्च दिला नाही आणि नेलंही नाही, तर विक्री. मालक खरोखर गरीब असेल तर मॅजिस्ट्रेट उपचाराचा खर्च माफ करू शकतो, तसं कायद्यातच लिहिलंय. अर्जात परिस्थिती मोकळेपणाने लिहा.

आणि तक्रार करायच्या आधी एकदा त्या गोठ्यात जाऊन या. बऱ्याच वेळा दुर्लक्ष नसतं, पैसे नसतात. एक पेंढीचा भारा आणि डॉक्टरला एक फोन, यावर भागतं.

म्हातारा बैल पोसवत नाही. रानात सोडून दिला तर चालेल का?

नाही, वरचंच कलम लागतं. कर्नाटकात २०२० च्या कायद्याने गाय, वासरू, बैल यांची कत्तल पूर्ण बंद आहे, तेरा वर्षांवरच्या म्हशीला दाखल्यासह सूट आहे. त्यामुळे शेतकऱ्याची अडचण खरी आहे, मी ती नाकारत नाही. पण सोडून दिलेला बैल दोन दिवसांत दुसऱ्याच्या मसुरीत उभा असतो आणि भांडण तुमच्या दारात येतं. जवळच्या गोशाळेला किंवा पांजरपोळाला विचारा, आणि दिलात तर दिल्याचा कागद घ्या.

जनावर घेऊन टेम्पो हद्दीवर अडवला. कागद काय लागतात?

बाजारातली खरेदी पावती, पशुवैद्याचा तंदुरुस्तीचा दाखला, आणि जनावराच्या कानातला बिल्ला दाखल्यावरच्या नंबराशी जुळलेला. गाडीत सहापेक्षा जास्त गाई-म्हशी भरायच्या नाहीत, १९७८ च्या वाहतूक नियमांत ते आहे. कोगनोळीसारख्या नाक्यावर दोन्हीकडचे कायदे भेटतात: इकडे कर्नाटकाचा २०२० चा, तिकडे महाराष्ट्राचा १९७६ चा आणि २०१५ ला कडक केलेला. कत्तलीचा संशय आला तर उपनिरीक्षक किंवा वरचा अधिकारी गाडी आणि जनावरं दोन्ही जप्त करू शकतो. कत्तलीचा गुन्हा ठरल्यास कर्नाटकात तीन ते सात वर्षं कैद किंवा पन्नास हजारांपासून पाच लाखांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. साधा शेतकरी बैल घेऊन रात्रीचा निघाला आणि कागद घरी राहिले, की त्याची रात्र ठाण्यातच जाते. दिवसा जा.

माझी गाय हद्द ओलांडून शिनोळीच्या बाजूला गेली आणि तिथं धरली. इकडची पंचायत काही करेल का?

नाही. जनावर जिथं धरलं तिथला कायदा. महाराष्ट्रातल्या चंदगड तालुक्यात धरलं तर तिथल्या पंचायतीचा कोंडवाडा, तिथले दर. गायीला सीमाप्रश्न कळत नाही, ती हिरव्याकडे जाते. तुम्ही ओळख पटवणारा फोटो, बिल्ल्याचा नंबर आणि इकडच्या पंचायतीचा एक मालकीचा दाखला घेऊन जा. तिकडची वही मराठीत असेल, तेवढा तरी आराम.

नोटीस कन्नडमध्ये आली आहे, मला वाचता येत नाही. आणि मी मराठीत तक्रार दिली तर घेतील का?

घ्यायलाच हवी. राज्यघटनेच्या कलम ३५० प्रमाणे गाऱ्हाण्याचा अर्ज राज्यात किंवा केंद्रात वापरल्या जाणाऱ्या कुठल्याही भाषेत देता येतो. काउंटरवर कुणी नकार दिला तर शांतपणे हे कलम सांगा, आणि पोच घेतल्याशिवाय निघू नका. घाई असेल तर वर कन्नडमध्ये दोन ओळींचा सारांश जोडा, काम लवकर होतं. हट्ट आणि म्हैस यातलं आधी म्हैस घरी आणा.

नोटिशीत दिसणारे शब्द: 'बिडाडी दन' म्हणजे मोकाट गुरं, 'दोड्डी' म्हणजे कोंडवाडा, 'हराजू' म्हणजे लिलाव (आपल्या जुन्या कागदांतला 'हर्रास' आठवा), 'अर्जी' म्हणजे अर्ज, 'दूरू' म्हणजे तक्रार, 'रसीदि' म्हणजे पावती. 'दंड' मात्र दोन्हीकडे दंडच. नोटिशीवरची तारीख आधी वाचा, सात दिवस तिथून मोजायचे.

मोकाट कुत्री पालिकेने लांब नेऊन का सोडू नयेत?

कारण नियम तसा आहे. २०२३ च्या प्राणी जन्म नियंत्रण नियमांप्रमाणे कुत्रं पकडायचं, नसबंदी करायची, रेबीजची लस द्यायची, कानाला खूण करायची आणि जिथून उचललं तिथंच सोडायचं. एका गल्लीची कुत्री उचलली की दुसऱ्या गल्लीची, लस न दिलेली, तिथं येतात. पिसाळलेल्या आणि चावऱ्या कुत्र्यांना ही सूट नाही. शिवाय सर्वोच्च न्यायालयाच्या नोव्हेंबर २०२५ च्या त्याच आदेशाने शाळा, दवाखाने, बसस्थानक, रेल्वे स्टेशन अशा ठिकाणची कुत्री उचलल्यावर परत तिथं सोडायची नाहीत. विष घालणं हा गुन्हा आहे, भारतीय न्याय संहितेचं कलम ३२५, पाच वर्षांपर्यंत कैद.

चावलं तर पंधरा मिनिटं साबण लावून वाहत्या पाण्याखाली जखम धुवा आणि त्याच दिवशी लस. हळद-चुना नको.

घरातलं कुत्रं चोवीस तास साखळीला बांधून ठेवणं आणि त्याला फिरवायला न नेणं हाही १९६० च्या कायद्यात गुन्हा आहे, हे फ्लॅटवाल्यांनी लक्षात घ्यावं.

डुकरं?

डुक्कर पिकात शिरलं तर कोंडवाड्यात जातं, जुन्या कायद्यात त्याच्या मालकाला दहा रुपयांपर्यंत वेगळा दंड होता. शहरात पालिकेकडे तक्रार करा. मालक कधीच पुढे येत नाही, एवढा अनुभव.

गवा रानात येतो. त्याला कोंडता येईल का?

नाही, आणि जवळही जाऊ नका. गवा वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत आहे. वन खात्याला कळवा, नुकसानीचा पंचनामा करून भरपाईचा अर्ज त्यांच्याकडेच द्यायचा. उलटंही लक्षात ठेवा: खानापूरकडच्या राखीव जंगलात तुमची गुरं शिरली, तर ती नुकसान करत होती असंच धरलं जातं आणि वन खातं त्यांना कोंडू शकतं. कणकुंबी-जांबोटीकडच्या राखणदारांना हे नवीन नाही. हद्दीचे दगड कुठे आहेत ते नवख्या पोराला दाखवूनच त्याच्या हाती गुरं द्या.

मेंढरांचा कळप आमच्या गावातून जातो. धनगरांची मेंढरं धरावी का?

धरता येतात, शेळ्या-मेंढ्या यादीत आहेत. पण आधी विचारा. सुगीनंतर रानात मेंढरं बसवून घेणारे आपणच, एका रात्रीचं खत म्हणून धान्य मोजून देणारेही आपणच. वाटेत चार वाफे तुडवले म्हणून सगळा कळप कोंडवाड्यात घातला, तर पुढच्या वर्षी तो तुमच्या गावावरून वळणार नाही. धनगर बहुतेक वेळा जागेवरच भरून देतो, त्याला पुढच्या मुक्कामाला जायचं असतं.

गावात कोंडवाडाच नाही. मग?

पंचायतीत अर्ज द्या, ग्रामसभेत विषय घ्या. तोवर जनावर जवळच्या चालू कोंडवाड्यात न्यायचं, २४ तासांच्या आतच. ते शक्य नसेल तर पोलिस ठाण्याला कळवा, आणि ते कळवल्याचीही पोच घ्या.